घंटी वाजली तं उठून काय करशीन?

माझं मोबाईलचं दुकान आहे, नेहरू नगरात, हायवेच्या बाजूनं. फोन, चार्जर, काचा, कव्हरं, सगळं मिळतं. माझ्या धंद्याचं सगळ्यात जास्त वाटोळं कोणी केलं असेल तर ते ऑनलाईनवाल्यांनी नाही, विमल गजभिये मावशींनी केलं. आणि तरी या बाईबद्दल कोणी वावगा शब्द काढला तर मीच पहिला भांडायला उठतो. आता याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

मावशी मरोदा वस्तीत आमच्या शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत लागून. नवरा स्टील प्लांटमध्ये होता, तो आजारानं लवकर गेला. त्याच्या जागी मावशींना नोकरी लागली तेव्हा त्यांचा मुलगा प्रशांत चार वर्षांचा होता. आधी हेल्पर म्हणून झाडू मारला, मग परीक्षा दिल्या, आणि शेवटी पंप हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसल्या. तिथूनच रिटायर झाल्या. कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी हे दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी भिंतीवरून मला आवाज देऊन विचारलं की तुमच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह गळून राहिला, सकाळपासून, तुम्हाला ऐकू येत नाही का. अहो, मला कुठलं ऐकू येतं!

कंट्रोल रूमचं काम कसं असतं ते मी त्यांच्याकडूनच ऐकलं. समोर भिंतभर दिवे. काही बिघडलं की घंटी वाजते आणि एक दिवा लुकलुकायला लागतो. ड्यूटीवरच्या माणसानं बटण दाबून कळवायचं की मी ऐकलं. मग उठायचं, जाऊन बघायचं, आणि जे दिसलं ते लॉगबुकात लिहायचं. जसं दिसलं तसं. पुढच्या पाळीचा माणूस येऊन ते वाचून सही करत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. मावशींनी हे सव्वीस वर्षं केलं आणि मग स्मार्टफोनच्या राज्यात येऊन पडल्या.

पहिल्यांदा दुकानात आल्या तो दिवस मी विसरत नाही. बाकीची गिऱ्हाईकं विचारतात कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती चालते. मावशींनी विचारलं, हा दिवसातून किती वेळा वाजतो? मी म्हटलं, कोणी फोन केला तर वाजेल. त्या म्हणाल्या, ते नाही, आपल्या मनानं किती वेळा वाजतो. हजारो फोन विकले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी स्टूल ओढलं, शोकेसमधला चालू फोन समोर ठेवला आणि एका रद्दी कागदावर रेघा मारत बसल्या. दोन तास. एकतीस रेघा झाल्या. कोणी सूट सांगत होतं, कोणी कुठल्याशा नटीचं लग्न सांगत होतं, आणि एका ॲपनं तर लिहिलं होतं की तुम्ही मला तीन दिवसांपासून उघडलं नाही. मावशी म्हणाल्या, हे काय बायकोसारखं रुसून राहिलं? दोन पोरी फोन घ्यायला आल्या होत्या, त्या खूप हसल्या, आणि हसत हसत रिकाम्या हातानं निघून गेल्या. मी मनातल्या मनात मावशींना भरपूर शिव्या दिल्या.

फोन त्यांनी चार दिवसांनी घेतला. आणि काय सांगू, त्या फोनला त्यांनी असं वळण लावलं की तसा शिस्तीचा फोन मी दुसरा पाहिला नाही. हात धुऊन, पुसून, मगच हात लावायच्या. चालताना नाही, आडवं पडून नाही, जेवताना तर नाहीच. टेबलासमोर ताठ बसून, चष्मा सारखा करून, ड्यूटीवर बसल्यासारख्या. काम झालं की ठेवला. त्यांचा सगळ्यात मोठा कौतुकाचा शब्द होता 'नॉर्मल'. भाजी चांगली झाली तर नॉर्मल, पाऊस वेळेवर आला तर नॉर्मल. आमच्या लग्नाचा अल्बम पाहून माझ्या बायकोला, वर्षाला, त्या म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे, टिकेल. वर्षा आठ दिवस तोंड फुगवून बसली होती. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं.

लोक समजायचे बाई जुन्या वळणाची, तिला मोबाईल आवडत नाही. साफ चूक. त्यांना यंत्र आवडायचं, यंत्राचा चोंबडेपणा आवडायचा नाही. भाजीवाल्याच्या गाडीवर तो लहान डबा असतो ना, पैसे आले की मोठ्यानं सांगणारा, त्याच्यावर तर त्यांचा जीव होता. म्हणायच्या, हे खरं यंत्र, काम झालं की एकदा बोलतं आणि गप्प बसतं. गाडी कुठवर आली ते सांगणारं ॲप त्यांना पसंत होतं, अक्षर मोठं करण्याची सोय तर फारच पसंत होती. पण जेवण पोचवणाऱ्या ॲपनं दुपारी विचारलं की भूक लागली का, तर चिडायच्या. माझ्या मायनं पण मला दिवसातून चारदा असं विचारलं नाही, आणि हा कोण लागून गेला? पावलं मोजणाऱ्या घड्याळाबद्दल म्हणायच्या की पावलं मोजून काय करता, कुठं जायचं होतं ते पोचले की नाही ते बघा. दरवर्षी नवा फोन का येतो, यावर मी त्यांना एकदा कंपनीवाल्यांनी शिकवलेलं सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मागच्या वर्षीचा बिघडला होता का.

रविवारी विहारात वंदना झाली की बाहेर कडुनिंबाखाली बाया त्यांच्याभोवती आपापले फोन घेऊन बसायच्या. मी गंमत म्हणून कधी स्कूटर थांबवून पाहायचो. मावशी फोन हातात घ्यायच्या, एकेक ॲप काढायच्या आणि प्रत्येकाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारायच्या.

"ही घंटी वाजली तं उठून काय करशीन?"

बाई विचारात पडायची. काही नाही करणार असं उत्तर आलं की त्या घंटी बंद करून टाकायच्या. ॲप राहू द्यायच्या, फक्त त्याचं तोंड बंद. उठून काही करणार असली तर घंटी चालू, आणि आवाज वेगळा. अर्ध्या तासात फोन असा गप्प व्हायचा की बाईला वाटायचं बिघडला. मग काही जणी माझ्या दुकानात यायच्या, दादा, फोन वाजत नाही, बघा जरा. मी म्हणायचो, बिघडला नाही, सुधारला.

चूक त्यांच्याकडूनही व्हायची, नाही असं नाही. एकदा मी दुकानातून वैतागून आलो होतो. फोन सारखा टिंगटिंग करत होता. मावशींनी भिंतीवरून हात पुढे केला आणि तोच प्रश्न विचारला. मी न बघताच म्हटलं, काही नाही करणार, सगळंच बंद करा. त्यांनी केलं. त्यात मुलीच्या शाळेच्या व्हॅनचा ग्रुप होता. दुसऱ्या दिवशी व्हॅन येणार नाही असा निरोप आला, मला कळला नाही, आणि पोरगी पाऊण तास फाटकाजवळ रडत उभी राहिली. तसा दोष माझाच होता. पण संध्याकाळी मावशी घरी आल्या, वर्षासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चूक माझी आहे, दिलीप रागात होता हे मला दिसत होतं, रागातल्या माणसाला विचारायचं नसतं. मग आमच्या मुलीला जवळ बसवून तिचीही माफी मागितली. एवढ्याशा पोरीची! मोठ्या माणसानं अशी सरळ माफी मागितलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. वर्षा माझ्याकडे बघत राहिली. मी गुपचूप आत जाऊन टीव्ही लावला.

आता प्रशांतचं सांगतो. हा पोरगा पुण्यात एका कंपनीत ॲपच बनवतो. आणि त्याचं काम काय, तर लोक पुन्हा पुन्हा ॲप उघडतील असे निरोप कधी आणि कसे पाठवायचे ते ठरवणं. म्हणजे आई इकडे घंट्या बंद करत बसायची आणि लेक तिकडे घंट्या वाजवायचा पगार घ्यायचा. मावशींना हे ठाऊक होतं. त्यावरून त्या त्याला टोमणा कधी मारत नसत, फक्त त्याच्या कंपनीचं ॲप सोडून बाकी सगळ्यांवर बोलायच्या. आईच ती.

मावशींना सत्तर पूर्ण झाली, आणि त्या उन्हाळ्यात एकदा चक्कर आली. धम्मचक्र दिनाच्या सुट्टीत प्रशांत आला, मायलेक नागपूरला जाऊन आले, आणि परत आल्यावर त्यानं विषय काढला. एकटं राहायचं नाही, पुण्याला चल. मावशी म्हणाल्या, माझं घर इथे आहे, माझी माणसं इथे आहेत, पुण्यात तुझ्या सातव्या मजल्यावर मी कोणाशी बोलू? खूप वादावादी झाली. भिंत पातळ, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. शेवटी तोडगा निघाला. घरात दोन कॅमेरे लागतील आणि मावशी मनगटावर एक घड्याळ घालतील, माणूस पडला की ते आपोआप प्रशांतच्या फोनवर कळवतं. तीन महिने नीट गेले तर राहा, नाही तर सामान बांधायचं. मावशींनी मान्य केलं, पण एक अट घातली. मशीन वाजलं की प्रशांतनं फोन करून सांगायचं, ऐकलं म्हणून. प्रत्येक वेळी. प्रशांत हसत हो म्हणाला आणि पुण्याला गेला.

पहिल्याच सोमवारी मावशी आंगणात लाकडी मोगरीनं चादरी धोपटत होत्या. घड्याळाला वाटलं बाई पडली. मग पुन्हा पडली. मग पुन्हा. प्रशांत मीटिंगमधून उठून मला फोन करतो, मी दुकान उघडं टाकून स्कूटरवर धावत येतो, तर मावशी पदर खोचून धपाधप चालू. म्हणाल्या, आलाच आहेस तर हे दुसरं टोक धर, पिळू. त्या आठवड्यात त्या चार वेळा 'पडल्या'. कॅमेऱ्यांचं तर विचारू नका. पडदा हलला की निरोप, मांजर आली की निरोप, उन्हाचा कवडसा सरकला तरी निरोप. आधी प्रशांतचे फोन यायचे, मग कमी झाले, मग फक्त रात्रीचा नेहमीचा एक राहिला.

मग एका शनिवारी सकाळी मी दुकानात निघालो आणि खिडकीतून सहज आत पाहिलं, तर मावशी जमिनीवर आडव्या. कॅमेऱ्यासमोर, सरळ, डोळे मिटून. दार ढकलून आत घुसलो, तर एक डोळा उघडून म्हणतात,

"बोलू नको. टेस्टिंग चालू हाये."

मी उंबऱ्यावरच बसलो. त्यांनी मला हळूच सांगितलं की घंटी बरोबर आहे की नाही ते दर आठवड्याला तपासावं लागतं, प्लांटमध्ये पण तपासायचे. मीही दुकान विसरून तिथेच बसलो. एक तास चाळीस मिनिटं ती बाई तशी पडून होती. पुण्याहून कोणी फोन केला नाही. मग त्या उठल्या, गुडघे चोळले, पाणी प्यायल्या आणि प्रशांतला फोन लावला. मला वाटलं आता पोराची हजेरी घेणार. तो तिकडून रडकुंडीला आला होता, दिवसाला साठ-साठ निरोप येतात, आई, मी आवाज बंद करून ठेवला. मावशी म्हणाल्या, तुझी काही चूक नाही, साठदा वाजलेलं कोण ऐकेल? त्या आवाजात राग नव्हता. उलट त्यांना पोराची दया आली होती, ते मला स्पष्ट दिसलं.

त्या दिवशी कॅमेरे उतरले. घड्याळ डब्यात गेलं. त्याऐवजी मावशींनी स्वतःची पद्धत बसवली. रोज संध्याकाळी सहा वाजता त्या फोनवर तीन-चार ओळी लिहायच्या, लॉगबुकासारख्या. काय खाल्लं, गोळ्या घेतल्या का, काय दुखतं, कोण भेटलं. जसं असेल तसं. आणि प्रशांतनं ते वाचून उत्तर लिहायचं, वाचलं म्हणून, आणि आपल्या दिवसातली एक गोष्ट. दिवसाला एक घंटी, बस्स. प्रशांतनं ते इमानदारीनं पाळलं. मला एकदा म्हणाला, दिलीपदादा, मी दिवसभर लाखो लोकांना निरोप पाठवतो, आणि स्वतः फक्त एकाची वाट पाहतो. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. तीन महिने नीट गेले, मग वर्ष होत आलं. पुण्याचा विषय मागे पडला.

आणि एका दुपारी त्या खरंच पडल्या. न्हाणीत पाय घसरला. मी दुकानात, वर्षा दुर्गला माहेरी. फोन बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी मी लवकर आलो होतो, तर मावशी भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, गुडघ्याला लावायचं मलम आहे का? मी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. पावणेसहा झाले होते. मी हात जोडले. म्हटलं, मावशी, हे लिहू नका. हाडबीड मोडलेलं नाही, कोणी पाहिलं नाही, मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही हे लिहिलं तर तो तुम्हाला इथे ठेवणार नाही. त्यांनी मलम घेतलं, टेबलाशी जाऊन बसल्या, चष्मा सारखा केला. मी दारात उभा राहून बडबडत होतो, त्या लिहीत होत्या. मग फोन माझ्यासमोर धरला, कुठे राहिलं का बघ म्हणून.

"दुपारी सव्वादोनला न्हाणीत पाय घसरून पडली. उठाले चाळीस मिनिटं लागले. आवाज दिला, कोनाले ऐकू गेला नाही. डावा गुडघा सुजला. बाकी नॉर्मल."

'कोनाले ऐकू गेला नाही' हे वाचून मला माझीच लाज वाटली. त्यांनी निरोप धाडून दिला.

प्रशांत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. त्याचा चेहरा पाहून मी घाबरलो, पण तो भांडला नाही. आईचा पाय मांडीवर घेऊन शेकत बसला. मग म्हणाला, आई, तू लिहिलं नसतं तर मला कधी समजलंच नसतं. मावशी म्हणाल्या, नसतं समजलं.

"मंग कावून लिहिलं? इथून निघा लागन हे तुले माहीत होतं."

"तू रोज वाचतो म्हनून."

पोरगा मान खाली घालून रडायला लागला. मग तोच म्हणाला, नको येऊ पुण्याला, आई, इथेच राहा, मी दिवसभराची बाई ठेवतो. मला इतका आनंद झाला की मीही मध्येच बोललो, मी आहे ना शेजारी, काळजी कशाला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, दुकानातून तू किती वाजता येतोस? मी म्हटलं, साडेनऊ. मग त्यांनी प्रशांतला विचारलं की वाचल्यापासून पोचायला किती वेळ लागला. सव्वीस तास, तो म्हणाला. आणि बाई रात्री किती वाजता घरी जाईल?

"घंटी बरोबर होती," मावशी म्हणाल्या. "मानूसच दूर हाये. मंग खुर्ची सरकवा लागते."

म्हणजे पोरगा राहा म्हणत होता, शेजारी राहा म्हणत होता, आणि जिला राहायचं होतं तीच स्वतःविरुद्ध, पुण्याला जायचा निकाल देऊन मोकळी झाली. मला राग आला, खोटं का बोलू. एवढं खरं कशाला वागायचं? थोडं इकडे, थोडं तिकडे, सगळी दुनिया तशीच चालते, माझं दुकान तर त्याच्यावरच चालतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सामानाचं गोणपाट शिवायला सुतळी घेऊन गेलो.

दुर्ग स्टेशनवर त्यांना सोडायला मी आणि वर्षा गेलो होतो. विहारातल्या पंधरा-वीस बाया आल्या होत्या. सगळ्या जयभीम म्हणून डोळे पुसत होत्या आणि एकमेकींना समजावत होत्या, बरं झालं, लेकाजवळ चालली, नशीबवान आहे, खुशीनं चालली. मावशी खिडकीत बसून सगळ्यांना हात जोडत होत्या, हसत होत्या. प्रशांत सामान लावण्यात गुंतला होता. गाडी सुटायच्या बेतात आली तेव्हा त्यांनी मला बोट करून जवळ बोलावलं. मी खिडकीच्या गजाला कान लावला.

"मले जावसं नाही वाटत, दिलीप. कोनी म्हनलं ना, बाई खुशीनं गेली, तं ते खोटं हाये म्हनून सांगजो."

मी हो म्हटलं. गाडी हलली, बाया हात हलवत थोडं पुढे गेल्या आणि थांबल्या. मागून कोणीतरी पुन्हा म्हणालं, खुशीनं गेली बिचारी. मी वळलो आणि म्हटलं, नाही, खुशीनं नाही गेली. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्षानं माझा हात धरला.